मिलच्या भिंतीवरचा किल्लेदार

उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलचं पाणी ज्याने कधी हुंगलं नाही, त्याला मी काय सांगू? धान टाक्यांत भिजत घालतात, मग वाफेवर उकडतात, आणि ते भिजवणाचं पाणी मागच्या नालीतून सोडून देतात. काळ्या चहासारखं, वर फेस, आणि वास असा की जेवता जेवता घास तोंडातच फिरत राहतो. आमच्या गावात ती नाली बोडीत उतरते. बोडी म्हणजे आमचा लहानसा तलाव. गुरं तिथंच पितात आणि खालच्या साऱ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तिच्याच पाण्यावर पिकतात. रोवण्याच्या दिवसांत आम्ही बाया त्या पाण्यात सकाळपासून वाकून धान लावतो. माझ्या पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती. संध्याकाळी हळद-तेल लावताना मी आपल्याच पायांकडे बघायची नाही. शिसारी यायची.

मिल भय्याजींची. कोंढ्याहून आत वळलं की आधी त्यांचं धुराडं दिसतं, मग गाव. भय्याजी म्हणजे पांढरे कपडे, कपाळाला टिळा, कोणाच्याही मयतीला सगळ्यांत आधी हजर. सगळ्यांशी गोड. बोडीतले मासे उलटे होऊन तरंगले तेव्हा धुरपताबाई ढिवरीण टोपलीभर मेलेले मासे घेऊन त्यांच्या फाटकात गेली होती. त्यांनी तिला चहा पाजला, साडी दिली, आणि मासे उन्हाने मेले असं सांगितलं. उन्हाने! ते दिवस दिवाळीचे होते.

मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, "तुमी तरी काई बोला ना त्याले. एवढा आवाज हाय तुमचा."

"जाऊ दे ना व. मोठा मानूस हाय."

माझा नवरा, आमच्या रिताचा बाबा जागेश्वर, झाडीपट्टीच्या नाटकातला खलनायक. मंचावर आला की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदराआड जातात. डोळे लाल, मिशी पिळलेली, आवाज असा की मंडपाचा खांब हलावा. आणि घरी? भाजीत मीठ नसेल तर उठून स्वतः घेतील, पण मला म्हणणार नाहीत. मला आधी याचं कौतुक होतं. पायाची कातडी सुटायला लागली तसं कौतुकही सुटत गेलं. लोकांच्या मंडपात रोज वाघ आणि भय्याजींच्या फाटकाशी शेळी, असा माणूस ताटावर बसला की माझं जेवणावरचं मन उडायचं.

आता हे गरजतात कसे, तेही सांगते. आमच्याकडचं नाटक प्रॉम्प्टरवर चालतं. तो मंचासमोरच्या खड्ड्यात बसून वाक्य पुढे करतो आणि नट ते उचलतात. रिताच्या बाबांनी उभ्या जन्मात एक पार्ट पाठ केलेला नाही. कानात पडलं की तोंडातून बाहेर, मधे कुठे थांबा नाही. एकदा यांनी नायिकेचा गळा धरलेला असताना प्रॉम्प्टरला ठसका लागला आणि तो कोणाला तरी म्हणाला, पानी आन रे. यांनी लगेच डरकाळी फोडली, "पानी आऽऽन रे!" लोकांना वाटलं, केवढा क्रूर माणूस, गळा दाबताना याला तहान लागते. टाळ्या पडल्या.

तर भय्याजींच्या मनात जिल्हा परिषद आली, आणि त्यासाठी म्हणून सिनेमा आला. त्यांचा पुतण्या वीरेंद्र नागपूरला कॅमेरा शिकून आला होता. जुन्या काळातल्या राजे-सरदारांची टिंगल करणारा विनोदी सिनेमा काढायचा, फोनवर सोडायचा, आणि घरोघरी भय्याजींचं तोंड पोचवायचं, असा बेत. सिनेमाचं नाव 'तलवारीले धार नाही'. भय्याजी म्हणजे राजा झुंजारसेन. गावच्या पोरांच्या डोक्यावर भात शिजवायचे गंज उपडे घालून त्यांचं सैन्य केलं, खताच्या पोत्यांना चंदेरी रंग मारून चिलखतं केली. आणि खलनायक कोण, तर किल्लेदार खेकसराव. तो लढत नाही, तटावर उभा राहून खालच्या राजाला नुसत्या शिव्या हासडतो, आणि शिव्या ऐकून राजाची फौज पळते. हा पार्ट रिताच्या बाबांना मिळाला. हरखून गेले. भय्याजींनी खांद्यावर हात ठेवून दिला म्हणाले.

"त्याच्या हातून घेतला पार्ट?" मी म्हटलं.

"कला हाय करुणा. कलेत कोनी मोठा नाई, लहान नाई."

मी ताट सारलं आणि उठले.

किल्ला कुठून आणणार? भय्याजी दमडी सोडणारे नव्हेत. मिलच्या मागच्या भिंतीवर दगडाचा रंग दिला, वर थर्माकोलचे बुरूज चिकटवले, झाला किल्ला. आणि भिंतीच्या पायथ्याशी जी नाली वाहते तिला वीरेंद्र खंदक म्हणायला लागला. "आयता खंदक हाय काका, पानीबी आयतं!" असं म्हणून तो नाक मुरडत हसत होता.

शूटिंगच्या दिवशी मी दुपारचा डबा घेऊन गेले होते. गावातले अर्धे लोक फौजेत आणि उरलेले बघायला. भय्याजी वरातीच्या घोडीवर, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. रिताचे बाबा भिंतीमागच्या फळीवर, छातीपर्यंत तटावर दिसतील असे उभे. वीरेंद्र ओरडला, सुरू करा. आणि हे गप्प. मिशी थरथरते, डोळे फिरतात, तोंडातून शब्द नाही. पुन्हा सुरू करा. पुन्हा गप्प. खाली पोरं खिदळायला लागली.

"काका, काय झालं?"

"प्रॉम्प्टर कुठी हाय?"

"सिनेमात प्रॉम्प्टर नसते काका! पाठ करा लागते."

यांचा चेहरा असा पडला की मला राग आणि दया एकदमच आली. एवढ्यात त्यांना मी दिसले. "अवं, तू ये ना वर. कागद वाचून दे फक्त." मी दहावी शिकलेली, घरी मीच यांना वाचून दाखवते. लोकांनी मला भुशाच्या पोत्यांवरून वर चढवलं आणि थर्माकोलच्या बुरुजाआड बसवलं. हातात वीरेंद्रचा कागद. त्यावर शिव्या लिहिलेल्या: अरे मूर्खा, अरे भेकडा, अरे गाढवाच्या पिला. पहिलीतल्या पोराने द्याव्यात अशा.

मी वाचत गेले, हे गरजत गेले. आवाज घुमत होता, पण कोणी हसेना. "मूर्खा" म्हटल्यावर काय हसणार? आणि मी जिथं बसले होते तिथं भिंतीत एक फट होती, त्या फटीतून नालीचा वास थेट तोंडावर येत होता. खाली बघितलं. गरम पाणी सुटलं होतं. फेसावर एक मेलेला बेडूक गोल गोल फिरत होता. घोडी नालीजवळ यायला तयार नव्हती. दोन वेळा पुढे ओढली, दोन्ही वेळा फुरफुरत मागे सरली. जनावराला कळत होतं.

आणि मग भय्याजींनी बंडीच्या खिशातून रुमाल काढला. अत्तराचा. नाकाला लावला आणि वर तोंड करून म्हणाले, "काय घान वास येऊन राहिला बे! लवकर उरका, उलटी होते का काय आता."

त्यांच्या मिलचं पाणी. त्यांना वास येत होता.

मी कागद चुरगळून पोत्याआड टाकला. मला कोणी विचारलं तर मी आजही सांगेन की मी ते मुद्दाम केलं. खालच्या आवाजात, जशी घरी पुटपुटते तशी, मी बोलले, आणि वर, तटावरून, माझं बोलणं मेघासारखं गडगडत गेलं.

"अबे ए रुमालवाल्या राजा!"

खाली एकदम सगळे वर बघायला लागले.

"तुया घोडीले वास येते, तुले आताच काहून आला बे? इतके वर्स नाक का सासऱ्याच्या घरी ठेवलं होतं?"

फौजेतून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"तुया मिशीले तेल अन् आमच्या बोडीत मैल! तू कॅनचं पानी पेऊन राहिला, अन् आमाले मिलचं मूत पाजून राहिला!"

आता हशा फुटला. गंज डोक्यावरून खाली पडले, खणाखण वाजले. मी थांबले नाही.

"अबे मासेमाऱ्या! मेलेल्या माशायले साडी नेसवतं का बे? ये, उतर खंदकात! तुयाच घरची खीर हाय, ओंजळभर पेऊन दाखव!"

धुरपताबाई गर्दीतून पुढे आली होती. ती हसत नव्हती. दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, झालं. आता हे भय्याजींच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर, बोलून झालं.

भय्याजींचा रुमाल नाकाशी तसाच. क्षणभर त्यांचा चेहरा आमच्या चुलीच्या राखेसारखा झाला. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं, आणि घोडीवर मागे रेलून असे हसले, असे हसले की मुकुट पडला.

"क्या बात है! वा जागेश्वर, वा! वीरेंद्र, यातलं एक अक्षर कापू नको बे. एकदम कडक झालं."

मला तेव्हा वाटलं, मूर्ख आहे, त्याला समजलंच नाही. त्याला सगळं समजलं होतं. आमच्या सगळ्यांच्या आधी समजलं होतं.

घरी येताना हे विचारत होते, "कसं झालं व? चांगलं झालं ना?"

"तुमी काय बोलले, समजलं का तुमाले?"

"बोलताना कुठी समजते? पन लोक लय हासले."

सिनेमा फोनवर आला आणि बाकी सगळा सिनेमा लोक विसरले. तेवढा एक तुकडा उरला. पवनीत, लाखांदुरात, एस.टी.च्या स्टँडवर, पानठेल्यावर, जिकडे तिकडे "मिलचं मूत". पोरं शाळेत एकमेकांना म्हणायची. रितानं सासरहून फोन केला, "माय, बाबा इथं सगळ्याइच्या फोनमधे हाय!" मंडईला तर कहर झाला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, लेकी येतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं. यंदा आमच्या मंडईत दंडारीआधी पडद्यावर तो तुकडा दाखवला, तीनदा. पाहुणे रिताच्या बाबांपुढे रांग लावायचे. "किल्लेदार, मले एक शिवी द्या ना." "आमच्या जवायाले द्या, नवीन हाय." आणि हे देत. मी शेजारी बसून पुटपुटत नसे, म्हणून तीच तीच परत देत. त्यांना ती पाठ झाली होती. जन्मात पहिल्यांदा काही पाठ झालं, ते हे. शिवी खाऊन माणसं खुशीत जात. लग्नाच्या वरातीत नवरदेव उतरून यांच्या पाया पडला आणि म्हणाला, मूत म्हणा. मी तिथून उठून गेले. लोकांना घाण इतकी गोड लागू शकते हे मला माहीत नव्हतं.

आणि भय्याजी? भय्याजी जिथे तिथे स्वतःच सांगायचे, "मीच तो रुमालवाला राजा!" लोक म्हणायचे, केवढा मोठ्या मनाचा माणूस, स्वतःवर हसू शकतो. त्यांनी रिताच्या बाबांना शाल आणि नारळ दिला. ती शाल यांनी खुंटीला लावली, येणाऱ्याला दिसेल अशी. नालीतून पाणी येतच होतं. उलट आता पोरं ते बघायला यायची, खंदकाशी उभं राहून फोटो काढायची, नाक दाबून, हसत.

मग ग्रामसभा लागली. भय्याजींना मिल वाढवायची होती, दुप्पट टाक्या, नवीन बॉयलर, आणि त्याला गावाची संमती हवी होती. दुप्पट टाक्या म्हणजे दुप्पट पाणी. आमची बांधी बोडीच्या अगदी खाली. अजून एवढंच पाणी उतरलं तर तिथं धान नाही, नुसती गाद राहील. मी घरी बसून यांना म्हटलं, "हे पाहा. एवढे दिवस माया तोंडानं बोलले. आता आपल्या तोंडानं बोला. मी एक सबूद सांगनार नाई. फक्त खरं सांगा. पायाचं सांगा, मास्यायचं सांगा, बांधीचं सांगा. तुमचा आवाज सगळे ऐकतेत आता."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. म्हणाले, "बोलतो." मी त्या शब्दावर विश्वास ठेवला.

सभा शाळेच्या पडवीत. सरपंच आनंदाबाई खुर्चीत, शेजारी ग्रामसेवक, भय्याजी पहिल्या रांगेत, वीरेंद्र कॅमेरा घेऊन. विषय वाचला गेला. कोणाचं काही म्हणणं आहे का, असं विचारलं. रिताचे बाबा उठले. नुसते उठले तर लोकांच्या तोंडावर हसू आलं.

"गाववाले हो," ते हळूच म्हणाले, "बोडीचं पानी नासलं हाय."

हशा.

"खरं सांगतो. आमच्या घरच्या बाईचे पाय सडून राहिले. दुप्पट पानी आलं तं…"

मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा किल्लेदार!" दुसरा म्हणाला, "मूतवालं म्हना!" पडवी हसून हसून डोलायला लागली. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, ज्यांचे पाय माझ्यासारखेच होते त्यासुद्धा. यांनी पुन्हा तोंड उघडलं, "ऐका ना, हे डायलॉग नाई," आणि यावर तर असा हशा झाला की ग्रामसेवकाने चष्मा काढून डोळे पुसले. माणसाने पाय सडल्याचं सांगावं आणि गावाने पोट धरून हसावं! मला त्या सगळ्या उघड्या तोंडांची, त्या दातांची किळस आली.

यांनी माझ्याकडे पाहिलं. खड्ड्याकडे नट पाहतो तसं. मी ओठ घट्ट मिटून बसले. माझ्याजवळही नव्हतं काही. खरं जे होतं ते मी आधीच शिवी करून देऊन बसले होते.

भय्याजी उठले. हात जोडून म्हणाले, "जागेश्वरभाऊ, जनतेची मागनी हाय. एकदा होऊन जाऊ द्या. मी इथंच हाय, घ्या मले."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला.

आणि हे सुरू झाले. छाती भरली, डोळे लाल झाले, मिशी वर गेली. "अबे ए रुमालवाल्या राजा!" आता कोणी सांगायची गरज नव्हती. सगळं पाठ होतं, घोडी, नाक, तेल, मैल. प्रत्येक शिवीला भय्याजी वाकून मुजरा करायचे. "मिलचं मूत" तर अख्खी पडवी एका सुरात म्हणाली. शेवटी टाळ्या, शिट्ट्या. आणि त्या गोंगाटात भय्याजी बाकावर चढून ओरडले, "ज्याले ज्याले आपला किल्लेदार आवडला, त्यानं हात वर करा!"

पडवीभर हात वर गेले. म्हातारे, बाया, पोरं, सगळे. आनंदाबाईंचाही. वीरेंद्र कॅमेरा घेऊन मागे मागे सरकत होता, सगळे हात यावेत म्हणून. ग्रामसेवक मान खाली घालून लिहीत होता.

धुरपताबाई तेवढी उभी राहिली. "अव बाप्पा, हात खाली करा! हे डायलॉगचे हात हायेत का मिलचे?"

"मावशी," भय्याजी रुमाल घडी करत म्हणाले, "हासतखेळत काम झालं, त्यात वाईट काय?" लोक यालाही हसले.

मी एक गोष्ट सांगते, मला सांगावी वाटत नाही तरी. हात वर जात होते तेव्हा पापणी लवेपर्यंत मला बरं वाटलं होतं. ती वाक्यं माझी होती. एवढ्या लोकांना माझी वाक्यं आवडली होती. त्या बरं वाटण्याची घाण अजून माझ्या तोंडातून जात नाही.

मग मी शेजारी पाहिलं. रिताच्या बाबांचाही हात वर होता. सगळ्यांत उंच. तोंडावर मंचावरचा पडदा पडताना असतं तसं हसू. कोणाला आवडला म्हणून विचारलं, आणि यांनी स्वतःच्याच नावाने हात वर केला होता. मी झडप घालून त्यांचं मनगट धरलं आणि सगळ्या जोराने खाली ओढलं. तेवढ्यात फोटो निघाला.

तो फोटो संमतीच्या ठरावाला जोडला आहे आणि मिलच्या ऑफिसातही मोठा करून लावला आहे. मी पाहून आले. पहिल्या रांगेत हे हसताहेत, आणि त्यांच्या उंच हाताला माझ्या हाताची पकड. माझे दात आवळलेले आहेत, पण तेही हसल्यासारखेच दिसतात. ओढण्याचा जोर फोटोत येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, मीच नवऱ्याचा हात वर धरला आहे.